न पाहिलेला सापळा

धाड या आमच्या गावी माझ्या चुलतभावाच्या लग्नात एका मावशींनी मला जवळ बसवून विचारलं, "तू बुलढाण्याले नेमकं काय करून राह्यली व बाई?" मी म्हटलं, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिते. मावशींचा चेहरा एकदम खुलला. "मंग माह्या आधारकार्डाची झेरॉक्स काढून देशीन का?" मी दिली काढून, आणि वर एक रंगीत प्रतही दिली. त्या लग्नात मला जो काही मान मिळाला तो त्या रंगीत प्रतीमुळे मिळाला, हे प्रामाणिकपणे सांगते.

तेव्हापासून मी माझं काम कोणाला समजावून सांगण्याच्या भानगडीत पडले नाही. पण या अंकाच्या संपादकांनी गळच घातली. म्हणाले, आमच्याकडे कंडक्टरनं लिहिलं, नर्सनं लिहिलं, पोस्टमननं लिहिलं, तुमच्या कामाचं कोणी लिहीत नाही. कोण लिहिणार? आमच्या कामात शिट्टी नाही, सुई नाही, दारात वाट बघत उभं असलेलं कोणी नाही. एका कॉम्प्युटरमधली माहिती दुसऱ्या कॉम्प्युटरपर्यंत पोचवायची, एवढंच ते काम. पोचली तर कोणाला पत्ता लागत नाही, आणि नाही पोचली तर बोंब मारायला सगळे हजर.

तरी सांगून बघते. कॉलेजसाठी मी बुलढाण्यात खोली घेऊन राहत होते तेव्हा आई धाडहून सकाळच्या एसटीनं डबा पाठवायची. आता वरण काही ओंजळीतून पाठवता येत नाही. ते डब्यात भरायचं, झाकण घट्ट लावायचं, फडक्यात गाठ मारून बांधायचं, आणि इकडे मी उघडलं की वरणाच्या जागी वरण आणि भाजीच्या जागी भाजी निघायला हवी. माहितीचंही तसंच असतं. प्रोग्रॅमच्या पोटात ती ऐसपैस पसरलेली असते. तारेवरून पाठवायची तर तिची एक सरळ ओळ करून बांधावी लागते, आणि पलीकडच्या प्रोग्रॅमला ती सोडून पुन्हा होती तशी मांडता आली पाहिजे. या बांधण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यातली कोणती घ्यायची हे ठरवण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

हसू नका. या निवडीवरून शिकलेली माणसं तावातावानं भांडताना मी पाहिली आहेत. आणि याच निवडीपायी एका बाईचा शब्द तिच्या स्वतःच्या गावात खोटा पडायची वेळ आली होती. मला तीच गोष्ट सांगायची आहे, पण तिथवर जायला थोडा रस्ता चालावा लागेल.

आमची संस्था लहान होती. बुलढाण्यात एका भांड्यांच्या दुकानावर ऑफिस, त्यामुळे खाली कोणी हंडा वाजवून पाहिला की वर आमची मीटिंग थांबायची. काम होतं कपाशीवरच्या किडीवर नजर ठेवायचं. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळीचा विषय मिटला असंच सगळ्यांना वाटलं होतं. फवारण्या कमी झाल्या, लोकांनी ज्वारी-तुरीची जागा कपाशीला दिली. मग काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला जुमानेनाशी झाली. या अळीची खोड अशी की ती बाहेरून दिसत नाही. बोंड हिरवंगार, टपोरं दिसतं आणि आत सरकी पोखरलेली असते. वेचायला गेल्यावर कळतं, आणि तेव्हा कळून काही उपयोग नसतो.

म्हणून शेतात कामगंध सापळे लावतात. काठीला बांधलेली प्लॅस्टिकची लांब पिशवी आणि तिच्या तोंडाशी एक छोटी गोळी. गोळीला मादी पतंगाचा वास असतो, त्या वासावर नर पतंग येतात आणि पिशवीत अडकतात. ते मोजले की अंडी पडायची वेळ कितपत आली आहे याचा अंदाज येतो. अमावस्येच्या अंधारात अंडी जास्त पडतात, म्हणून ऑफिसात माझ्या टेबलावर कायम पंचांग असायचं. आम्ही बौद्ध असूनही मी अमावस्या इतकी मनापासून पाळते याचं माझ्या घरमालकीणबाईंना फार कौतुक होतं. मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही, कारण त्यामुळे पाणी वेळेवर सुटायचं.

प्रत्येक गावातली एक बाई सापळे बघायची आणि दर सोमवारी तालुक्याच्या केंद्रावर फोन करून आकडे सांगायची. केंद्रावरचा माणूस ते कॉम्प्युटरात भरायचा. तिथला आमचा, पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रोग्रॅम सगळ्या गावांचे आकडे बांधून बुलढाण्याच्या मोठ्या कॉम्प्युटरला, म्हणजे सर्व्हरला, पाठवायचा. सर्व्हर ते गाठोडं सोडून हिशेब मांडायचा आणि गावागावातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर मेसेज सोडायचा. पतंग वाढले आहेत, फवारणी करा. किंवा, पतंग आढळले नाहीत, फवारणी करू नका. लोकांना वाटतं पहिला मेसेज महत्त्वाचा. मला दुसराही तेवढाच महत्त्वाचा वाटायचा, कारण फुकटची फवारणी म्हणजे खर्च तर आहेच, वर पंप पाठीवर घेणाऱ्याच्या अंगात विष जातं.

सुरुवातीला आम्ही जी बांधणी वापरली तिचं नावच मुळी पिकल, म्हणजे लोणचं. ही पायथनच्या घरची. काही डोकं चालवावं लागत नाही, असेल ते बरणीत कोंबायचं आणि तिकडे बरणी उघडायची. दोन्हीकडे पायथनच आहे, मग अजून काय पाहिजे, असं आमचं चाललं होतं. मग देऊळगाव राजाच्या केंद्रावरच्या ऑपरेटरनं एके दिवशी आपल्या कॉम्प्युटरवर पायथनची नवी आवृत्ती टाकली. त्याच्या बरण्या नव्या झाकणाच्या यायला लागल्या आणि आमच्या जुन्या सर्व्हरला ती झाकणं काही उघडेनात. मी फोन केला तर म्हणतो, "नवं ते चांगलं असतंय म्हणून टाकलं मॅडम. मला काय म्हाईत तुम्ही अजून जुनंच वापरायलात." त्याचं तरी काय चुकलं? पण लोणच्याची खरी भीती वेगळीच होती. ही बरणी उघडताना आत कोणी काही करामत करून ठेवली असेल, तर ती उघडणाऱ्याच्याच घरात कामाला लागते. ओळखीच्या हातची असेल तरच उघडावी. माझा स्वभाव मुळातच संशयी, मी ती बरणी कायमची बंद केली.

मधे एका कार्यालयानं आमच्याकडून माहिती मागितली ती एक्सएमएल नावाच्या बांधणीत. तिच्यात प्रत्येक शब्दाला आधी एक पाटी आणि नंतर एक पाटी. आपल्याकडची लग्नपत्रिका आठवा. आजोबा, पणजोबा, समस्त काका, समस्त मामा, चिमुकल्यांची किलबिल, आणि नवरा-नवरीची नावं शोधावी लागतात. ते गाठोडं पाठवताना संग्रामपूरच्या केंद्रावरचं नेट मान टाकायचं.

शेवटी आम्ही जेसनवर स्थिरावलो. साधा मजकूर असतो. कंसात नाव, समोर किंमत, संपलं. गाव अमुक, पतंग इतके. माणसाच्या डोळ्यांना सरळ वाचता येतं, हा मोठा गुण. त्यात आणखी एक गुण होता, ज्याचं मोल मला पुढे कळलं. त्यात शून्यासाठी वेगळी खूण आहे आणि 'इथे काहीच भरलेलं नाही' यासाठी वेगळी.

संग्रामपूरचं केंद्र सांभाळायचे शकीलभाई. आधी ते धान्याच्या बाजारात मापारी होते. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'बरकत' म्हणायचं, ही बाजारातली सवय त्यांनी आमच्याकडेही आणली. मी फोनवर आकडे पडताळून बघायला लागले की ते म्हणायचे, "बरकत, दोन, तीन." एका पतंगाला बरकत म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. संग्रामपूर सातपुड्याच्या पायथ्याशी, नेटची मर्जी असेल तर येणार. शकीलभाईंनी नेटचं डोंगल सुतळीनं बांधून खिडकीबाहेरच्या कडुलिंबाच्या फांदीला टांगलं होतं. वारा आला की लाइन यायची, वारा पडला की जायची, असा त्यांचा ठाम समज होता.

"मॅडम, अर्धं गेलं आन लाइन कटली," ते हताश होऊन सांगायचे. "आता उरल्या अर्ध्याले काय करू?"

काही करता येत नसे. अर्धं गाठोडं सर्व्हरला सुटत नाही, सगळं पुन्हा पाठवावं लागतं. यावर वानखडे सरांनी उपाय शोधून आणला. सर आमच्या संस्थेचे प्रमुख, शेतकीचे पदवीधर, जिल्ह्यातल्या बांधाबांधावर फिरलेला माणूस. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना एक आखीव बांधणी दाखवली होती. तिच्यात दोन्हीकडच्या कॉम्प्युटरकडे कप्प्यांचा नकाशा आधीच दिलेला असतो. पहिला कप्पा गावाचा, दुसरा पतंगांचा, असं ठरलेलं. त्यामुळे नावं पाठवायची गरजच नाही, नुसत्या किमती जातात, आणि त्याही माणसाला न वाचता येणाऱ्या आवळलेल्या रूपात. गाठोडं मुठीत मावेल एवढं झालं. त्यात आणखी एक काटकसर होती. कप्प्यात शून्य असेल तर तो कप्पा पाठवायचाच नाही. पलीकडच्यानं समजून घ्यायचं, कप्पा आला नाही म्हणजे शून्य.

मी सरांना विचारलं, "ज्या बाईनं सापळा बघितलाच नाही, तिचं काय? तिचाही कप्पा येणार नाही."

"बघितला नाही असं होईलच कसं?" सर म्हणाले. "मानधन कशाचं देतो आपण?"

कागदावर त्यांचं बरोबर होतं. आणि शकीलभाईंचं डोंगल त्या फांदीवर तसंच लटकत होतं, त्यावर माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. नवी बांधणी सुरू झाली. पण तो हंगामभर मी जुनं जेसनही चालू ठेवलं. नवं गाठोडं आधी पोचायचं, त्यावर मेसेज सुटायचे, आणि मागाहून लाइन येईल तेव्हा जुनं गाठोडं रखडत रखडत यायचं. सर त्याला माझ्या नावानं 'वंदनाची जुनी साडी' म्हणायचे. फाटली तरी टाकवत नाही, या अर्थानं.

आता सिंधूताई. तिचं गाव अगदी डोंगराला टेकलेलं. तिथले सापळे ती बघायची. तिचं स्वतःचं रान नव्हतं, मक्त्यानं घेतलेल्या वावरात नवरा-बायको कपाशी करायचे. आदल्या वर्षी फवारताना रामरावांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, भोवळ येऊन ते सऱ्यांमधेच पडले होते. दवाखान्यातून घरी आले, पण दम लागायचा तो लागूच राहिला. त्यामुळे फवारा मारा किंवा मारू नका हे ती तोंडदेखलं कधी बोलायची नाही. मेसेज आला की गावातले लोक एकमेकांना विचारायचे, "सिंधूनं पाह्यलं का?" तिनं पाहिलं असेल तर संपला विषय. मेसेज आमच्या संस्थेच्या नावानं जायचा, पण तिथे तो तिचा शब्द म्हणून वाचला जायचा. हे आम्हाला ऑफिसात बसून कळलं नव्हतं.

एका सोमवारी मेसेज सुटले. अमावस्या तोंडावर आली होती. मंगळवारी सकाळी मी ऑफिसचं कुलूप काढते तोच सिंधूताईचा फोन.

"वंदनाताई, म्या कवा सांगतलं शून्य?"

मला काही समजेना. मी म्हटलं, नीट सांगा काय झालं.

"माह्याच फोनवर मेसेज आला. माह्या गावात पतंग नाही, फवारा मारू नका म्हणते. अवं, सापळ्यातली गोळीच सरली, नव्या गोळ्या तुमी पाठवल्याच नाही, त पतंग येईन कायले? म्या शकीलभाईले सांगतलं, या खेपेले सापळा पाह्यला नाही. आन इथं पारावर लोक म्हणून राह्यले, सिंधूनं पाह्यलं, पंप ठेवून द्या. म्या पाह्यलंच नाही व बाई!"

तिचा आवाज चढला नव्हता. ती घाबरली होती, आणि मला तेच ऐकवेना.

पहिला संशय मी शकीलभाईंवर घेतला. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी टाकतात. शकीलभाई त्या रीतीत मुरलेले, रिकामा खाना बघवला नसेल, टाकलं असेल शून्य, असं मला वाटलं. त्यांना विचारलं तर ते दुखावले. "नाही मॅडम. तिनं म्हटलं पाह्यलं नाही, म्या खाना खालीच ठेवला. खुदा कसम." दुपारी रखडत आलेलं जुनं गाठोडं मी सोडलं. त्यात सिंधूताईच्या गावासमोर स्वच्छ लिहिलेलं होतं, काहीच भरलेलं नाही. नव्या गाठोड्यातून त्याच गावासमोर शून्य निघालं होतं. शकीलभाईंनी भांडं रिकामंच दिलं होतं, साखर आमच्या काटकसरीच्या बांधणीनं टाकली होती.

दोन्ही गाठोडी कागदावर छापून घेऊन मी सरांकडे गेले. म्हटलं, मेसेज मागे घेऊ या. सरांनी दोन्ही कागद पाहिले, चूक त्यांना लगेच कळली. पण ते म्हणाले, "एकदा दिलेला मेसेज मागे घेतला, तर उद्या आपलं कोण ऐकेल? आणि लिहिणार काय? आम्हाला माहीत नाही? हे सांगायला कोणी संस्था काढत नाही वंदना. आज गोळ्या पाठव, पुढच्या सोमवारी खरा आकडा येईल."

"पुढच्या सोमवारपर्यंत अमावस्या होऊन जाईल, सर."

 सर काही लबाड नव्हते. संस्था कशीबशी चालत होती, तिचं नाव गेलं तर जिल्ह्यातले सगळेच सापळे काठीसकट निघणार, ही भीती त्यांना होती आणि ती खोटी नव्हती.  मी सिंधूताईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन सरांपुढे ठेवला. सर तिला म्हणाले, ताई, आमची अडचण समजून घ्या, आम्हाला असं कसं लिहिता येईल.

 ती म्हणाली, "सर, तुमाले लाज वाटत असन त माह्या नावानं पाठवा. लिहा, सिंधूनं पाह्यलं नाही. लोक मलेच बोलतीन, बोलू द्या. पण म्या जे पाह्यलं नाही ते पाह्यलं म्हणून नका सांगू."

खाली दुकानात कोणीतरी हंडा वाजवून बघत होतं. तो वाजायचा थांबला. मग सरांनी माझ्याकडे बघून मजकूर सांगायला सुरुवात केली. "संस्थेच्या नावानं लिही. कालचा मेसेज चुकीचा होता. तुमच्या गावातला सापळा आम्ही पाहिलेला नाही. आपापल्या वावरातली बोंडं फोडून पाहा." असा मेसेज आमच्या संस्थेनं त्याआधी कधी पाठवला नव्हता. मी तो सोडला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि सरांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी गोळ्यांचा डबा घेऊन मी एसटीनं संग्रामपूर गाठलं आणि तिथून शकीलभाईंबरोबर जीपनं सिंधूताईच्या गावी गेले. पारावर माणसं जमली होतीच. एकानं तिला सरळ विचारलं, "मशीन खोटं का तू खोटी व?" दोघंतिघं हसली. मला उत्तर द्यायचं होतं, पण तिनं मला बोलू दिलं नाही.

"मी खोटी नाही," ती म्हणाली. "म्या डबा रिकामा धाडला होता, तो मधात भरल्या गेला. आता बसून नका राहू. चाला, बोंडं फोडून पाहू."

आणि सगळे निघाले. हसणाराही आला. त्यानं स्वतःच्याच वावरातलं एक टपोरं बोंड तोडलं, अंगठ्यानं फोडलं आणि तसाच उभा राहिला. आत गुलाबी अळी वळवळत होती. दुसरं फोडलं, त्यात नव्हती. तिसऱ्यात पुन्हा होती. नंतर बराच वेळ रानात बोंडं फुटल्याचाच आवाज येत होता. सिंधूताईच्या वावरातही अळी निघाली. तिनं रामरावांकडे पाहिलं. ते पंप आणायला घराकडे वळले. फवारणी सुरू झाली तेव्हा ती बांधावर उभी होती आणि त्यांच्या तोंडावरचा रुमाल जरा सैल झाला की हाक मारून त्यांना थांबवत होती.

गाव वाचलं असं मी लिहिणार नाही. त्या वर्षी कोणाचंच पूर्ण वाचलं नाही. काहींना थोडं हाती लागलं, काहींनी वेचणीची मजुरीही निघणार नाही म्हणून उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, जनावरं सोडली. पण त्या गावात पुढेही लोक विचारत राहिले, सिंधूनं पाह्यलं का? एवढं मात्र टिकलं.

हंगाम संपल्यावर ती आवळलेली बांधणी आम्ही सोडली. त्या बांधणीवर माझा राग नाही. जिथे शून्य म्हणजे शून्यच, तिथे ती उत्तम चालते, आणि आता तिच्यातही न भरलेला कप्पा वेगळा ओळखायची सोय आहे. पण आमच्या कामात 'नाही' आणि 'माहीत नाही' यांच्यातच सगळं अडकलेलं होतं. मी जेसनकडे परत आले आणि डोंगलचा प्रश्न दुसरीकडून सोडवला. सुटा कापूस गाडीत मावत नाही, प्रेसमध्ये दाबून त्याची गाठ बांधली की मावतो, आणि गाठ सोडली की पुन्हा तोच कापूस. तसा मजकूर दाबून पाठवायची सोय पायथनमध्ये आयती होती. शिवाय सगळ्या गावांचं एक मोठं गाठोडं करण्याऐवजी एकेका गावाचं वेगळं केलं. लाइन तुटलीच तर एक गाव राहायचं, बाकीची पोचलेली असायची. आणि एक कप्पा वाढवला. सापळा पाहिला का? हो किंवा नाही. तो भरल्याशिवाय सर्व्हर गाठोडं घेतच नसे. शकीलभाईंनी एकदाच विचारलं, "मॅडम, आता खाली नाही ठेवाचं?" मी म्हटलं, "रिकामं ठेवायचं, पण सांगून."

माझ्या हाताखाली पुढे जे शिकायला आले त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे. पायथनला एखाद्या कप्प्याबद्दल ढोबळपणे 'आहे का रे?' असं विचारलं, तर तो शून्यालाही नाही म्हणतो आणि रिकाम्यालाही नाही म्हणतो. ढोबळ विचारू नका. त्यांना ते खुसपट वाटायचं. मी कोणाला सिंधूताईची गोष्ट सांगत बसले नाही, त्यामुळे माझी ख्याती खडूस बाई अशीच राहिली.

पुढच्या हंगामात एका सोमवारी यादी बघताना सिंधूताईच्या गावासमोर 'पाहिलं नाही' आलं. असतं असं कधीकधी. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढेही तेच. गोळ्या तर मी स्वतः वेळेवर पाठवल्या होत्या. मी शकीलभाईंना विचारलं.

"फोन येते मॅडम तिचा दर सोमवारी," ते म्हणाले. "बोलते, पाह्यलं नाही, आन ठेवून देते. म्या इचारलं, काऊन? त काही सांगत नाही."

मी तिला फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज आणि हिंदीत ओरडणारं कोणीतरी. ती बऱ्हाणपूरला होती, केळीच्या बागेत मजुरीला. रामरावांना आता पंप उचलवत नव्हता, चार पावलं चालले तरी दम लागायचा. मक्त्याचं वावर सोडून दिलं, घराला कुलूप घातलं आणि दोघं इकडे आले. हे तिनं असं सांगितलं की जणू एसटी चुकली म्हणून पुढची धरली.  माझ्या यादीत तिच्या नावासमोर सगळं खरं लिहिलेलं होतं आणि तरी मला काहीच कळलं नव्हतं.

"अहो, मग सापळा बघायचं काम दुसऱ्या कोणाला देता आलं असतं," मी म्हटलं. "तुम्ही तिथून दर सोमवारी फोन कशाला करता?"

"दुसरी बाई भेटली की देजा तिले," ती म्हणाली. "तोवर करतो ना मी. नाही केला त तुमी शून्य धरान."

मी तिला सांगितलं की आता तसं होत नाही. बांधणी बदलली, मशीन आता स्वतःच्या मनानं शून्य धरत नाही, तुम्ही निश्चिंत राहा. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं केलं," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी शकीलभाईंकडे तिचा फोन आला. पाह्यलं नाही.